अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

पांढुर्ण्यातल्या मित्रहो, आज दुपारी तुमच्याकडचं सारं ठीक आहे ना? आमच्या घराजवळ वीज पडली. टीव्ही, फ्रिज, पंखे, सारं जळालं. माणसं वाचली, एवढंच.

वायरमनला बोलावलं. त्यानं अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उचललं आणि म्हणाला, "भाऊ, माती पार सुकून गेली. ओली नसली तर वीज जमिनीत उतरंल कशी? उन्हाळ्यात इथं पानी टाकत नव्हते का?"

टाकत होती ना. आई टाकत होती. रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरलेलं या खड्ड्यात ओतायची. "मातीले बी तहान लागते," म्हणायची. आम्ही हसायचो.

होळीच्या आधी आई गेली. तिची आठवण म्हणून तुळस जपली, बाबा रोज पाणी घालतात. खड्डा कोणाच्याच ध्यानात राहिला नाही.

वायरमन गेल्यावर बाबा तांब्या भरून खड्ड्याजवळ बसले. हळूहळू पाणी ओतत म्हणाले, "रोज माह्या डोळ्यासमोर टाकत होती रे. मी कधी विचारलंच नाही."

तुमच्या घरी असं कोणतं काम एकच माणूस गुपचूप करून राहिला आहे? तो माणूस सांगायला आहे, तोवर विचारून घ्या.