खांदेमळणीचं नाणं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाबांनी एकच अट घातली होती: पोळ्याच्या आधी उरकायचं. एरवी दवाखान्याची पायरी चढायला टाळणारा हा माणूस या वेळी स्वतःच तगादा लावत होता. लहानपणापासून डोळे अधू, त्यात मोतीबिंदू. "या पोळ्याला मला बैल नीट बघायचाय," म्हणाले.

बैल म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातलं तांब्याचं नाणं. आजोबा नागपूरकडचे, सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. गाव सुटलं, गोठा सुटला, पोळा काही सुटेना. मग इंदूर संस्थानाचं एक जुनं नाणं, ज्यावर बसलेला बैल असतो, तेच आमचं जनावर झालं. आनंद नगरच्या घरातही पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याची खांदेमळणी होते. जू ओढून सोलवटलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, तसं आम्ही अंगठ्याने नाण्याला चोळतो आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो. शेजारचे हसतात. हसू देत, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीला तेच सगळ्यांच्या आधी हजर असतात.

नाणं चिंचेने घासून लख्ख करणं हे बाबांचं काम, दुसऱ्या कुणाला ते करू देत नसत, आणि पाटावर नाणं यायचं ते लोणी-हळदीने माखूनच. यंदा ऑपरेशननंतर डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून ते माझ्याकडे आलं. सकाळी मोरीत बसून घासायला घेतलं. जुन्या लोण्या-हळदीचा थर निघाला आणि माझा हात थांबला. खाली काहीच नव्हतं. उलटून पाहिलं, उजेडात तिरकं धरलं. दोन्ही बाजू गुळगुळीत, शर्टाच्या बटणासारख्या. आणि मी तर तो बैल लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. शिंगं, वशिंड, दुमडून घेतलेले पाय, सगळं मला पाठ होतं.

बाबांना काय सांगणार? नाणं रुमालात बांधलं, भाजी आणते म्हणून निघाले आणि महाराणा प्रताप नगरात ओळखीचे एक नाणीसंग्राहक राहतात त्यांचं दार वाजवलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"दीदी, आप लोग इसको इमली से घिसते हो?"

"आणि लोणी लावतो," मी म्हटलं. लपवून काय उपयोग होता?

त्यांनी आपल्या संग्रहातलं तसंच नाणं काढून दाखवलं. एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला बैल, ठसठशीत. राजाने आपला चेहरा न छापता महादेवाचं वाहन छापलं, ते म्हणाले, म्हणजे राज्य महादेवाचं, आपण नुसते राखणदार. मला मात्र वाटलं, राजाने नंदी पाडला असेल, पण ते नाणं हातात घेणाऱ्या शेतकऱ्याला त्यात आपल्याच गोठ्यातला बैल दिसला असणार. आणि आम्ही शहाण्यांनी त्याचे लाड करकरून त्याला पुसून टाकलं. मला रडूच फुटलं. गृहस्थ गडबडले आणि "रख लीजिए, मेरे पास और हैं" म्हणत त्यांनी ते नाणं माझ्या हातात ठेवलं.

संध्याकाळी पाटावर ते मांडलं. आमचं नाणं माझ्या पर्समध्ये होतं. बाबांनी काळा चष्मा काढला, नाणं उचललं, डोळ्यांजवळ नेलं. उलटून पुन्हा पाहिलं. आपलं पितळ उघडं पडलं, असं मी धरूनच चालले.

"दिसला गं," ते म्हणाले. "पहिल्यांदा दिसला."

"पहिल्यांदा म्हणजे?"

"माझ्या बाबांनी हे हातात दिलं तेव्हाही मला काही दिसलं नव्हतं. दिसतो का, विचारलं, मी हो म्हणालो. मग दरवर्षी घासायचो, वाटायचं, अजून थोडं लख्ख झालं की दिसेल. मनात यायचं, नाण्यावर काही नाहीच की काय. पण तू चार वर्षांची असताना बोट ठेवून म्हणालीस, हे शिंग, हे वशिंड. तेव्हा खात्री पटली, माझेच डोळे अधू."

म्हणजे आजोबांनी दिलं तेव्हाच ते गुळगुळीत होतं? तो बैल मी पाहिला होता. आजही डोळे मिटले की दिसतो. आणि माझ्या त्या एका बोटापायी बाबा इतकी वर्षं स्वतःला आंधळा समजत आले होते.

"अशी बघत काय बसलीस? मळ," म्हणत त्यांनी लोण्याची वाटी पुढे केली.

मी लोणी घेतलं आणि नाण्यावर अंगठा फिरवला. त्याला वशिंड लागलं, आणि तेही पुसलं जाईल म्हणून मी दचकून हात मागे घेतला.