शुगर आणि गूळ-फुटाणे

मारुतीरायाकडे मी एवढंच मागितलं होतं, की माझं वजन उतरव. त्याने वजन उतरवलं आणि वर्षभराने तो साखरही उतरवायला लागला. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्याचा रागच आला होता. लहानपणापासून शनिवार धरणारी बाई मी, पण एके दिवशी देव्हाऱ्यापुढे उभी राहून चक्क भांडले. तुला नीट ऐकूच येत नसेल तर आम्ही मागायचं तरी कुणाकडे, असं त्याला विचारलं.

झालं असं होतं, की वजनापायी माझे गुडघे गेले होते आणि सोबत मधुमेहही होता. शेवटी पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं. ऑपरेशनला नेताना घाबरून मी खुलताबादच्या निजलेल्या भद्रा मारुतीला नवस बोलले, की यातून उठले आणि हलकी झाले तर तुझ्या दारी पायी येईन. उठले, हलकी झाले, मधुमेहाच्या गोळ्याही बंद झाल्या. चिकलठाण्याच्या आमच्या सोसायटीत "माझी शुगर गेली" म्हणून मी घरोघर पेढे वाटले. आणि मग एका दुपारी जेवण होऊन तास-दोन तास झाले असतील, हातपाय लटपटायला लागले, घामाने पदर भिजला आणि स्वतःच्या घराची कडी कशी काढायची तेच मला सुचेना. मिस्टरांनी घाईघाईने लिंबाचं सरबत पाजलं, तेही मोठा पेला भरून. बरं वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अशा ऑपरेशननंतर काहीजणांचं खाणं पोटात न थांबता झपाट्याने पुढे उतरतं. गोड किंवा पिठूळ खाल्लं, की साखर एकदम चढते, शरीर घाबरून तिला खाली ओढतं आणि गरजेपेक्षा जास्तच ओढतं. म्हणजे जे गोड आम्ही औषध म्हणून पेलाभर पीत होतो, तेच पुढच्या झटक्याची तयारी करत होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, की थोडं थोडं खा, आधी डाळ, उसळ, पनीर, मग भाकरी. साखर उतरलीच तर गोड अगदी थोडं घ्या आणि मागोमाग ती धरून ठेवेल असं काहीतरी चावून खा. मी मान डोलावली. पण मनात सल राहिलाच. नवस फेडायचा होता, आणि घरात मला भाजी आणायलाही कुणी एकटं सोडेना. लेक फोनवर म्हणाली, "आई, देव काय पळून चाललाय का?" देव नव्हता पळत, पण मी अशी भिऊन भिऊन घरात बसले तर आयुष्यच पळून जाईल, असं मला वाटत होतं. ऑपरेशन काय दारं लावून बसायला केलं होतं?

श्रावणातल्या एका शनिवारी मी हट्टाला पेटले. मिस्टर वकील नाहीत, पण नवसाला पळवाट त्यांनीच शोधली. "पायी येईन म्हणालीस ना? कुठून ते कुठं म्हणालीस?" म्हणून मग दौलताबादपर्यंत स्कूटरवर आणि पुढे पायी, असं ठरलं. त्यांचे गुडघे आता माझ्यापेक्षा वाईट. ते स्कूटरने पुढे जाऊन खुलताबादला थांबणार होते. माझ्या बटव्यात ग्लुकोजची पुडी होती, आणि उपवासाचं खाईन पण पोट रिकामं ठेवणार नाही, असं मी त्यांना वचन दिलं होतं.

तिथेच माझी फसगत झाली. किल्ल्याखाली भाविकांसाठी साबुदाण्याची खिचडी, केळी आणि चहा वाटत होते. उपवासाचं म्हणजे हलकं, ही आपली जन्माची समजूत! हलकं म्हणून मी खिचडी खाल्ली, केळं खाल्लं आणि वर गोड चहाही घेतला. तिथेच थोडा वेळ टेकले आणि मारुतीचं नाव घेत निघाले. पाय असे चालत होते, की वाटेत दोन तरुण मुलींना मी मागे टाकलं आणि वळून त्यांच्याकडे बघून घेतलं, तेही कबूल करते.

घाटात रस्त्यावरच्या जुन्या, अरुंद दरवाजापाशी गाड्या अडकल्या होत्या. तिथे मला घाम फुटला. उन्हाचा नव्हे, तो मी आता ओळखते. कठड्याशी टेकले, बटव्यातून पुडी काढली, पण बोटं थरथरत होती आणि ती फाटेना. भोवती बायका जमल्या. "काय होतंय मावशी?" मला एकच शब्द फुटला, "शुगर... शुगर..."

"अगं बाई, शुगर हाय त्यांला! गोड देऊ नका कुनी!" एक बाई ओरडली आणि तिने चांगल्या मनाने माझ्या हातातली पुडी काढून घेतली. दुसरीने पाणी पाजलं. तिसरी पदराने वारा घालत होती. आपल्याकडे शुगर म्हणजे एकच, वाढलेली. त्या सगळ्या माझा जीव वाचवायला धडपडत होत्या, आणि माझा जीव त्यांच्या मुठीत होता. मला ओरडून सांगायचं होतं, पण शब्द जुळेनात. तेव्हा मला खरंखुरं भय वाटलं. मी मनात म्हटलं, मारुतीराया, आता तुझं तू बघ, माझ्याच्यानं होत नाही.

अडकलेल्या गाड्यांत एक जीप होती. दर्शन करून परतणारी मंडळी तिच्यात होती. तिच्यातून एक म्हातारी उतरली, कपाळाला शेंदूर, हातात प्रसादाची पिशवी. गर्दीतून वाट काढत ती आली आणि सरळ माझ्यापुढे मूठ धरली.

"म्हातारे, देऊ नकू! शुगर हाय तिला!"

"शुगर असू नायतर काय बी असू," ती म्हणाली. "मारुतीचा परसाद हाय. त्येला नाय म्हनत्यात व्हय? आ कर, माय."

मी आ केला. तिने गुळाचा खडा तोंडात घातला आणि तो विरघळेपर्यंत माझी हनुवटी धरून ठेवली. मग ओंजळीत फुटाणे दिले. "आता हे चाव, सावकाश. लई घाई करू नकू." चावता चावता घाट पुन्हा जागेवर आला. माणसांचे चेहरे दिसायला लागले, माझं नाव मला आठवलं. "पाचोडला आलीस तर ये घरी," एवढं ती म्हणाली, पण घर कुणाचं ते सांगायच्या आत दरवाजा मोकळा झाला, जीपने हॉर्न दिला आणि ती गेली. तिला माझ्या आजाराचं काहीच ठाऊक नव्हतं. तिला फक्त प्रसाद ठाऊक होता.

बायका मला खुलताबादकडे जाणाऱ्या दुसऱ्या जीपमध्ये बसवायला निघाल्या होत्या. मी तिथेच बसून राहिले, अंगात पुरती ताकद येऊ दिली आणि मग निघाले, चालतच! पुडी काढून घेणारी ती बाई शेवटपर्यंत माझा हात धरून आली. खुलताबादला मिस्टरांनी आधी बोटाला साखर मोजायचं मशीन लावलं, आकडा बघितला आणि मग एवढ्या गर्दीत माझ्या पाठीवर थाप मारली. निजलेल्या मारुतीसमोर मी उभी राहिले तेव्हा रडूच आलं. ज्याला ऐकू येत नाही म्हणून मी भांडले होते, त्याने मला बोलता येत नव्हतं तेव्हाही ऐकलं होतं.

आता आमच्या घरात 'शुगर' हा शब्द बंद आहे. "साखर उतरली आहे, गोड द्या," असं अख्खं वाक्य मी सगळ्यांना पाठ करायला लावलं. बटव्यात पुडीशेजारी गूळ-फुटाणे असतात. थोडं गोड आणि मागोमाग धरून ठेवणारं, हे आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तेव्हा मला नवीन वाटलं होतं. पण प्रत्येक शनिवारी मारुतीच्या देवळात तेच माझ्या ओंजळीत पडत आलं होतं. खाणं जपते, वेळा पाळते, झटके आता क्वचित येतात, आणि पुढच्या श्रावणात मी पुन्हा दौलताबादहून निघणार आहे, खिचडी सोडून.

ऑपरेशनपासून मी 'नको' म्हणायला शिकले होते. भाताला नको, लाडवाला नको, दुसऱ्या घासाला नको. ते शिकावंच लागलं आणि त्यानेच मी तगले. पण त्या घाटात मला कळलं, की शरण जाणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. समोर धरलेल्या मुठीला नको न म्हणता आ करायचा, एवढंच असतं.