माझी स्टॉपर पुढं निघाली

हिंगण्याच्या एका कारखान्याच्या फुटबॉल टीममधून मी अर्धं आयुष्य स्टॉपर म्हणून खेळलो. स्टॉपर म्हणजे आपल्या गोलपुढं उभा राहून येणाऱ्याला अडवणारा गडी. पायात बॉल आला की मैदानाबाहेर हाणायचा, एवढंच माझं शास्त्र. टीव्हीवर इटलीचा एक डिफेंडर हेच काम नवरदेवाच्या ऐटीत करायचा. माझा त्याच्यावर भारी जीव. पण त्यानं कपावर कप जिंकले आणि मी एकही फायनल जिंकलो नाही. रिटायर झाल्यावरही ते सलायचं, खोटं कशाला बोलू?

मग तो इटलीवाला कोच झाल्याची बातमी आली. मेथी निवडता निवडता बायको म्हणाली, "अजी, तो कामाले लागला, तुमी काहून घरी बसून राहिले?" झालं! महिन्याभरात मी वस्तीतल्या पोरींचा कोच झालो.

पोरींना मी माझंच शास्त्र शिकवलं. स्टॉपर पोरगी मात्र भलती हट्टी. बाप लकडगंजात लाकडाच्या टालावर कामाला, अन् पोरगी सागासारखी उंच. बॉल बाहेर हाण म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. मी बोंबलायचो, ती मान डोलवायची आणि पुन्हा बॉल घेऊन पुढं जायची.

तरी फायनल गाठली. शेवटची मिनिटं आली, गोल कोणाचाच नाही. अशात आमच्या गोलसमोर तिनं बॉल हिसकावला. मी ओरडलो, बाहेर मार! ती कसली मारते? बॉल घेऊन निघालीच. अरे बाप्पा! रेषेबाहेरून मीही तिच्या बरोबरीनं पळत सुटलो, बाहेर मार, बाहेर मार करत. गुडघे दुखतात हेसुद्धा विसरलो. एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, आणि पोरीनं गोल ठोकला. खेळताना जन्मात कधी कार्ड मिळालं नव्हतं. त्या दिवशी कोचची ठरलेली जागा सोडून पळाल्याबद्दल रेफरीनं मला पिवळं कार्ड दाखवलं.

कप माझ्या हातात देऊन ती घाम पुसत म्हणाली, "सर, त्यायच्यातल्या कोणालेच मले अडवता नाही आलं. सगळ्यात जास्त तुमीच अडवून राहिले होते."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. जन्मभर लोकांना अडवलं, पण कोणी माझ्या हातून निसटून गेलं याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.