मेन स्विचवरची टिकली

वहिनीला मी शेवटची भेटले ती नगरच्या दवाखान्यात. तोंडावरचा मास्क बाजूला करून तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, दादाला सांभाळा म्हणणार. तर बाई म्हणते कशी, "वन्सं, घरून निघताना मेन बंद केला न्हाई ना कुनी?" मी म्हटलं, "अगं, आता तरी सोड तो मेन!" ती हसली, खोकली, मास्क पुन्हा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला...

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला होता, पण पंचक्रोशीत त्याची ओळख जत्रेतल्या कुस्त्यांचा निवेदक म्हणून. त्याच्या हातात माइक आला की बसलेली माणसं उठून उभी राहायची. त्याच दादाच्या घशाला कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आम्ही सगळे रडत बसलो. वहिनीनं मात्र डोळे पुसले, दादाला ओट्यावर बसवलं आणि मोबाईल त्याच्यापुढं धरला. "हं, बोला आता." दवाखान्यात भरती होईपर्यंत दादानं आठवतील तेवढ्या कुस्त्या तोंडानं पुन्हा लढवल्या. "पट काढला रे काढला!" असा ओरडायचा की रस्त्यावरची माणसं थांबायची. ते सगळं वहिनीनं कॉम्प्युटरला जोडलेल्या हार्ड डिस्कमध्ये भरून ठेवलं.

आता आमच्या घराण्याची एक खोड सांगते. बाहेर पडायचं तर आधी देवाला नमस्कार, मग मेन स्विच खाली, मग दाराला कुलूप. वडिलांपासूनची सवय. दादा तर दळण टाकायला गिरणीत निघाला तरी मेन पाडायचा! चालू डिस्कची वीज अशी किती वेळा तुटली असेल, देव जाणे. एके दिवशी ती नुसतीच टकटक वाजायला लागली. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज तर गेलाच होता, आता उरलेलाही गेला... वहिनीनं आधी वायर बदलून पाहिली, मग दुसऱ्या सॉकेटला लावली, मग शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला. मी मागून "उघडून बघ, उघडून बघ" करत होते. "सोपं ते आदी बघायचं, वन्सं. उघडायचं काम आपलं न्हाई." डिस्क कामातून गेलीच होती. पण मोबाईलमधलं तिनं पुसलंच नव्हतं! त्या दिवसापासून माझी वहिनी कशी आहे, ते मी सगळ्या भावकीला सांगत सुटले.

मग आम्ही दोघी नगरला खरेदीला गेलो. दुकानदार एक भलीमोठी डिस्क दाखवत होता. वहिनी म्हणाली, "मोठी एक नगं. बारक्या दोन द्या. एकीत हाय तेच दुसरीत पायजे. एक मेली तर दुसरी बोलंल." दुकानदारानं हसत हसत दोन डिस्क बसणारी पेटी काढून दिली. घरी येऊन ती राउटरला जोडली, म्हणजे दादाला ओट्यावर बसून मोबाईलवर ऐकता येईल. पण ओट्यावर रेंजच येईना. येईल कशी? धूळ बसू नये म्हणून दादानं राउटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलेलं! मग राउटर दारावरच्या फळीवर आला. पेटीला छोटा यूपीएस लागला, पण दिवसभर मेन पाडला तर तो तरी काय करणार? म्हणून वहिनीनं कपाळाची लाल टिकली काढून मेन स्विचवर चिकटवली. "हिला हात लावायचा न्हाई."

एवढ्यानंही तिचं समाधान नव्हतं. तिसरी प्रत माहेरी, कोपरगावला. दर भाऊबीजेला ताजी डिस्क भावाकडं ठेवायची आणि गेल्या सालची घेऊन यायची. ओवाळणीच्या ताटात हार्ड डिस्क ठेवणारी बहीण मी तरी दुसरी पाहिली नाही.

तिच्या दशक्रियेला आम्ही सगळे घाटावर गेलो. घरात पाहुण्यांची गर्दी, निघताना कुणीतरी सवयीनं मेन पाडला. परत येऊन मेन चढवला तर पेटीवर लाल दिवा. दादा पेटीपुढं येऊन बसला. मला वहिनीचं आठवलं, सोपं ते आधी... वायर पाहिली, सॉकेट पाहिलं, राउटर बंद करून चालू केला. दोनपैकी एक डिस्क गेली होती. दुसरी शाबूत होती! दादाच्या मोबाईलवर हाताला येईल ती कुस्ती लावली, आणि दादाच्या आधी वहिनीच बोलली, "हं, बोला आता." दुसरी कुस्ती लावली, तिच्यातही तेच. तिनं दादाचा आवाज जपला, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. तिचाही आवाज तिथंच होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दादाला मोठ्यानं रडताही येत नाही. त्याच्या वाटचं मी रडले.

गेल्या आठवड्यात वहिनीच्या भावाचा, बाळासाहेबांचा फोन आला. "आक्का, यंदा डिस्क कोन आननार?" यंदा आम्हाला सण नाही, ओवाळणं नाही. पण डिस्क तर पोचवायलाच हवी. "मी आणते," म्हटलं. भाऊबीजेला सकाळी दादा आणि मी निघालो. दादानं देवाला नमस्कार केला आणि सवयीनं त्याचा हात मेनकडं गेला. टिकलीची कड सुटली होती. त्यानं ती अंगठ्यानं दाबून नीट बसवली आणि मेन तसाच चालू ठेवून दाराला कुलूप लावलं.