जवाईबापूंच्या टॅक्सीतून नवेगावबांध

लेक-जवाई गाडीतून उतरले तशी सगळ्यात आधी आली ती शेजारची देवका, आणि तिनं माझ्या लेकीला नाही, आधी गाडीला हात लावून पाहिला. "नंबराची पाटी पिवळी काऊन आहे वं?" म्हणे. मी सांगितलं, भाड्याच्या गाडीची अशीच राहते. आमचे जवाईबापू नागपूरला टॅक्सी चालवतात, फोनवर बोलावणं आलं की जातात. देवकाला दारातच सोडून मी चटणी-भाकर बांधायला आत गेले. माझी वर्षा कितीतरी दिवाळ्यांनी माहेरी आली होती, आणि नवेगावबांधचा तलाव दाखवतो असं जवाईबापू स्वतः म्हणाले होते. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण एवढं फिरायला मिळालं तर लिहिल्याशिवाय राहवते का?

त्याच सकाळी आमगावहून निघालो. तुम्हाला जायचं तर एसटीच्या लाल गाडीनं गोंदिया, तिथून पुढे दुसरी लाल गाडी. बाईमाणसाला अर्धं तिकीट. गोंदिया स्टेशनवरचा ऑटो सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा तिथं घाई करू नका, उगाच भांडण होतं. आम्ही स्टेशनजवळ तर्री-पोहे खाल्ले. एक ऑटोवाला पिवळी पाटी पाहून आलाच. "भैया, यहाँ से सवारी मत उठाना, नंबर लगता है." जवाईबापू म्हणाले, "सासूबाई है, भाडा नहीं देती." मी पदरात हसले.

वर्षा पुढे बसून एकसारखी बोलत होती. पापड कोणी जाळले, नळ कधी येतो, घरमालकीण कशी चालते. लहानपणी दोनदा विचारल्याशिवाय ही पोरगी तोंड उघडत नव्हती. मला बरं वाटलं, संसारात रमली म्हणून. पण आमच्यात सासूनं जवायाशी तोंड वर करून बोलायचं नसतं, आणि लेकीनंही आईसमोर त्याच्याशी इतकं बोलू नये. गोरेगावला गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, "वर्षा, मागं ये. माणूस गाडी चालवून राहिला, त्याचं डोकं कायले खातेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. येऊन बसली, आणि थोड्या वेळात माझ्या खांद्यावर झोपलीही. मी गाणीसुद्धा बंद करायला लावली. जवायाचा मान ठेवला म्हणून खुशीत होते.

पुढे जंगल लागतं. सागाची झाडं, सावली, रस्ता सरळ. गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली. मला वाटलं, थांबवून राहिले असतील. चाकाखाली मुरूम वाजला. समोर धानाच्या भाऱ्यांनी लादलेला ट्रॅक्टर उभा होता. वर्षा जागी झाली ती ओरडतच, मागूनच तिनं त्यांचा खांदा खेचला. डावीकडचा आरसा भाऱ्यात गेला तो तिथंच राहिला. आम्ही वाचलो.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. "झोपाचं होतं तं घरी झोपाचं ना बे! म्हातारी बसली आहे मागं." जवाईबापू मान खाली घालून उभे राहिले. आमच्या घरात त्यांना कोणी असं बोललं नसतं.

वर्षा मला झाडाखाली घेऊन गेली. "माय, मी बोलली नाही तर ते झोपतात. रात्री भाड्यावर राहिले तं मी फोनवर बोलत राहते. काल रात्रभर गाडी चालवून, तशेच इकडे आले."

 मग मी एक केलं. पदर सावरला आणि पुढच्या सीटवर, जवायाशेजारी जाऊन बसले. देवका पाहती तर गावभर सांगती. सरळ त्यांच्याच तोंडाकडे पाहून विचारलं, "जवाईबापू, इतकं चालवून उरते किती?"

आधी लाजले. मग सांगितलं. भाडं फोनच ठरवतो. त्यातला मोठा हिस्सा फोनवर भाडी देणारी कंपनी घेते, मग गॅस, मग गाडीचा हप्ता. सवारीला आणायला रिकामी गाडी न्यायची, त्याचे पैसे कोणी देत नाही. दिवसाकाठी धान कापणाऱ्या बाईइतकी मजुरी सुटते, कधी तीही नाही. ठरलेल्या फेऱ्या भरल्या की वरून काही मिळतं, त्यासाठी रात्र काढायची. सवारीनं फोनवर कमी तारे दिले तर चांगली भाडी येणं बंद.

"मग सोडून द्या ना."

"मामी, मी सोडीन. हप्ता मले सोडत नाही ना." आमच्याकडे सासूला मामी म्हणतात.

कोहमाऱ्याच्या ढाब्यावर भात, वरण, वांग्याची भाजी घेतली. स्वस्त आहे, भात मागाल तितका देतात. तलाव फार मोठा, पाण्यावर पक्षीच पक्षी, नक्की जा. आम्ही मायलेकींनीच पाहिला. जवाईबापू गाडीत सीट मागे टाकून झोपले होते, तोंड उघडं, पोरासारखे. वर्षाची नजर पाण्याकडे कमी, गाडीकडे जास्त.

येताना मी आमगावपर्यंत बोलत आले. आमची गाय हरवली ती, माझं लग्न, देवकाचं भांडण, सगळं. मध्ये मध्ये मुद्दाम विचारायचे, "हो की नाही?" म्हणजे उत्तर द्यावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी ते गेले. नागपूर येईपर्यंत वर्षानं गाडीतून मला फोन मोठ्या आवाजात लावून ठेवला. अर्धा रस्ता ती बोलली, अर्धा मी. आता ती थकली की रात्री मला फोन जोडून देते. जवायाशी असं बोललेलं माझ्या सासऱ्यांच्या काळात चाललं नसतं. माझ्या गोष्टी संपत आल्या आहेत, जुन्याच नव्यानं सांगते.

संक्रांतीला या म्हटलं. वर्षा म्हणाली, सणाला भाडं जास्त मिळते माय, गाडी काढावीच लागते. मी म्हटलं, मग एक दिवस झोपा आणि तिसऱ्या दिवशी निघा. जवाईबापू म्हणाले, नाही, रात्रभर भाडी करून संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच येतो.