दर्यावरची एक हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच लिहितो. घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यातला मी पहिला बी.ए. ज्यांनी शिकवलं त्या गुरुजींना लाज वाटेल असं काही मी लिहिणार नाही… तरीही हे लिहितो आहे.

साल १९६१. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून अर्ज केला आणि वेंगुर्ल्याच्या एका शाळेत मास्तर झालो. त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. त्या गावानं मला, परक्याला, जेवू घातलं, हे विसरणार नाही. सगळं गाव बोटीच्या भोंग्यावर चालायचं. मुंबईची बोट लांब उभी राहायची, उतारू पडावातून धक्क्याला यायचे, आणि कोणाकडे कोण आलं ते पाहुणा घरी पोचायच्या आत बाजारपेठेला ठाऊक व्हायचं.

त्या फाल्गुनात माझे वडील, बापू, असेच पडावातून उतरले. धोतर गुडघ्यावर, मला पाहून डोळे भरलेले. समुद्राचं आमच्या घराला जुनं दुःख होतं. आम्ही लमाण. माझे आजोबा बैलांवर धान्य लादून कोकणात मीठ आणायला गेले, ते परतलेच नाहीत. बापू तेव्हा आठ वर्षांचे होते.

मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचो ते तांडेलमामा, म्हातारे नाखवा, पहिल्याच दिवशी बापूंना म्हणाले, "दर्यावरना एक हाक इली तर ओ देऊ नकात हां. जिता माणूस तीनदा हाक मारता."

बापू हसले. (बाहेरच्यांशी बापू वऱ्हाडी बोलत; घरातली आमची लमाणांची गोरबोलीही इथे वऱ्हाडीतच लिहितो.) "आमच्या तांड्यात पहिल्याच हाकेले ओ देतात, मामा. रस्त्यात कोणी अडकला असन तर? अन् ओ देल्ली म्हणजे जावंच लागते."

"मगे तुमच्या बैलांका पोवूक येता काय?"

"बैलाले पोहता येते. मले नाही येत."

दोघंही खूप हसले.

चौथ्या दिवशी, रविवारी, ऐन दुपारी आम्ही तिघं मांडवीच्या, म्हणजे बंदराजवळच्या, वाळूत होतो. ओहोटी होती. तांडेलमामा जाळं सांधत होते, बापू होडीला टेकून बसले होते. मी घोट्याएवढ्या पाण्यात पाय भिजवत उभा. कुठे आवाज नाही, वारा नाही.

एकाएकी बापू उठले. "आलो," असं मोठ्यानं म्हणाले आणि माझ्या अंगावरून सरळ पाण्यात चालू लागले. पायात वहाणा तशाच.

मी काहीच ऐकलं नव्हतं.

धावत जाऊन दंड धरला. साठीचा माणूस, पण मलाच ओढत नेऊ लागला. पाणी कमरेला लागलं… मग छातीला. पोहणं दोघांनाही येत नव्हतं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या पलीकडे पाहत होते — ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.

काठावरून तांडेलमामा ओरडले, "मास्तर, तीनदा हाक मारा. थांबू नकात."

"बापू." ते चालतच राहिले. "बापू." पाणी गळ्याशी. तिसऱ्यांदा आवाज फुटेना, कसाबसा फुटला. ते थांबले. लहान पोरासारखे माझ्यामागून चालू लागले.

काठावर आणलं तेव्हा त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. तांडेलमामांनी एकेक बोट सोडवलं. आत खडेमीठ होतं. धोतरातून पाणी निथळत होतं आणि ते मीठ मात्र कोरडं. मामांनी ते पाण्यात टाकलं आणि हात वाळूनं घासून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी बापूंना एस.टी.नं घेऊन निघालो. वाटेत मी जरा रागानंच म्हणालो, "मामांनी सांगितलं होतं ना? मग ओ काहून दिली?"



"आवाज माह्या बापाचा होता," बापू म्हणाले. "पण नाव माहं नाही घेतलं त्यानं. तुहं घेतलं. तू पाण्यात उभा होतास. तुले ऐकू यायच्या आधी म्या ओ देल्ली."

माझ्या जन्माआधी कितीतरी वर्षं गेलेल्या माणसाला माझं नाव कसं ठाऊक? मला आजही सांगता येत नाही. मी नोकरी बदलून आमच्या जिल्ह्यात आलो, समुद्र पुन्हा पाहिला नाही. घरात कोणी एकदा हाक मारली तर मी गप्प राहतो. बायको चिडते, तिसऱ्यांदा ओरडते, मग ओ देतो.

मागच्या वर्षी बापू गेले. आता माझ्याआधी ओ देणारं कोणी नाही.