हेमसिंगचं दुसरं विमान

विमानाचा निवाडा पंचांनी केला, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्या बैठकीला मी स्वतः होतो आणि मलाही आधी हसूच आलं होतं. मग राग आला, आणि तो राग मी पुढे कितीतरी दिवस जपून ठेवला.

हेमसिंग मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. मी मंगरूळपीरचा, माळ्याच्या घरचा. मंगरूळच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आमच्या वाडीत आला की मिरचीच्या झाडाशीच उभा राहून तो हिरव्या मिरच्या कचाकचा खायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि वर मलाच म्हणायचा, "तुमची मिरची फिक्की झाली बे बापू." असा खोडसाळ. पण आईचं नाव निघालं की मऊ व्हायचा. तिच्या पोटचा तो एकटाच जगला होता.

त्याचे आईबाप, दौलतसिंग आणि मोतीबाई, दरवर्षी दिवाळी झाली की तांड्याबरोबर कामाला बाहेर पडत. कधी गिट्टी फोडायला, कधी ऊसतोडीला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नागपूरच्या विमानतळावर धावपट्टीचं काम निघालं, तेव्हा तिथे गिट्टी फोडता फोडता त्यांच्या पोरानं विमान पाहिलं. तेवढंच निमित्त. मॅट्रिक झाल्यावर तो नागपूरला फ्लाइंग क्लबात विमानं धुवायला राहिला, कुणाच्या तरी नजरेत भरला, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, आणि पंचावन्न साली हा पठ्ठ्या चक्क वैमानिक होऊन घरी आला. तांड्यातल्या बायका नाचल्या. तांड्याच्या प्रमुखानं, धनसिंग नायकानं, त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं.

आता घोडं कुठे अडलं ते सांगतो. वैमानिकाचं लायसन्स म्हणजे दिसेल ते विमान उडवायचा परवाना नव्हे. ज्यावर शिकलात तेच उडवायचं. दुसरं हवं असेल तर त्यावर वेगळं शिकायचं, परीक्षा द्यायची आणि ते लायसन्सवर चढवून घ्यायचं. हेमसिंग क्लबाच्या शिकाऊ विमानावर शिकलेला, आणि नुसत्या त्यावर पोट भरणारी नोकरी कुणी देत नव्हतं. शिष्यवृत्तीत आणखी एक विमान बसत होतं, एकच. एक तर डाकोटा, म्हणजे माल नि माणसं नेणारं मोठं विमान, आणि मग जिथे नोकरी मिळेल त्या मुलखात जायचं. नाहीतर फवारणीचं छोटं विमान. आपल्या वऱ्हाडात कपाशीवर औषध मारायला तशी विमानं येणार, असं बोललं जात होतं.

त्याचं मन छोट्या विमानावर जडलं होतं. मला म्हणाला, "बापू, कपाशीवरून इतकं खाली जाता येते का बोंडं दिसतात. अन् कामबी अकोल्याकडंच. यंदा याडीले बाहीर पडू द्यायचं नाही. बिऱ्हाड पाठीवर घेतलं का ते किती वाकते, पाह्यलं ना तू?" याडी म्हणजे आई. त्याला त्या बाईला घरात बसलेलं बघायचं होतं, बाकी काही नाही.

"मंग घे ना ते," मी म्हणालो. "इचारून कोनाले राह्यला?"

तर म्हणे नायकाला. तांड्याची रीतच तशी. लग्न असो, भांडण असो, कुणाचं दूर कामाला जाणं असो, बैठकीपुढे ठेवल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. पाचामुखी परमेश्वर खरा, पण त्या पाचांपैकी एकानं तरी विमान जवळून पाहिलं होतं का? मी तसं बोललोही. त्यानं ऐकलं नाही.

लिंबाच्या झाडाखाली बैठक बसली. बायका मागे, जरा अंतरावर. धनसिंग नायक तेव्हा सत्तरीचा असेल. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. त्या फिरतीला हे लोक लदेणी म्हणतात. म्हाताऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. विमान किती उंच जातं, किती पळतं, हे काही त्यानं विचारलंच नाही.

"लहान इमानात किती जन बसतात?"

"एकच, नायक. चालवनारा."

"अन् मोठ्यात?"

"दोघं चालवतात. एक जुना, एक नवा."

नायकानं पंचांकडे पाहिलं. "लदेणीत नव्या गड्याले कदी एकट्यानं धाडलं का कोनी? जुन्याच्या मागं चालला तं वाट समजते, पानी समजते, चोर समजते. मोठं इमान घे."

हेमसिंगनं एकदा धीर करून म्हटलं, "नायक, लहान इमान इथंच उडन. मी याडीजवळ राहीन."

"अन् याडीच्या डोयादेखत पडला तं?" नायक म्हणाला. "कोन राहीन तुह्यासंग तवा?"

संपला निवाडा. दौलतसिंगनं मान डोलावली. ज्या आईसाठी हे सगळं चाललं होतं, तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. परतीच्या वाटेवर मी हेमसिंगला नाही नाही ते बोललो. तू शिकलास कशाला, म्हटलं. नायकालाच बसव विमानात.

तो म्हणाला, "माहा जीव लहान्या इमानातच हाय रे. पन यायनं मले एकेक भाकर देऊन वाढवलं. यायचं मन मोडून मी कसा उडू?"

त्यानं डाकोटा चढवून घेतलं. नोकरी लागली पार पूर्वेला, आसामच्या डोंगराकडे. तिथे रस्ते नाहीत, म्हणून डोंगरातल्या ठाण्यांवर विमानातून तांदळाची नि मिठाची पोती टाकायची. हे ऐकून नायकाची छाती फुगली. मानोऱ्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचा, "आमचं पोट्टं लदेणी करून राह्यलं, आभायातून!" आणि मोतीबाई? पोराचे पैसे येत होते, पण त्याच्यावाचून रिकाम्या घरात बसून करायचं काय, म्हणून दिवाळी झाल्यावर ती पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घेऊन कामाला निघाली. मी तिला जाताना पाहिलं. नायकाला दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण मी पडलो बाहेरचा.

एकदाच तो सुट्टीवर आला. वाळला होता. आईनं भाकरी थापत त्याला विचारलं, "तुह्यासंगचा जुना मानूस चांगला हाय ना?"

"हाय याडी. बापासारखा जपते."

पोराला भूक नव्हती, पण त्यानं आईसमोर ताट पुसून खाल्लं.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात त्यांचं विमान परत आलं नाही. तार मंगरूळला आली आणि तांड्यावर ती मीच नेली. ढगांनी झाकलेल्या डोंगरावर विमान आदळलं होतं. जुना वैमानिक आणि हेमसिंग, दोघंही गेले. चूक कुणाचीच नव्हती, असं पुढे कळलं. त्या वाटेनं वीस वर्षं विमान चालवलेला माणूसही तसाच गेला असता. देह तिकडेच जाळले. आईला राखसुद्धा बघायला मिळाली नाही.

तेराव्यानंतर नायकानं स्वतःच बैठक बोलावली. निवाडा चुकला तर देणाऱ्यानं दंड भरायचा, ही त्यांची रीत. म्हाताऱ्यानं डोक्यावरचं पागोटं काढून पंचांपुढे मातीत ठेवलं आणि हात जोडले. "पोराले म्या धाडलं. मले दंड सांगा."

खोटं कशाला सांगू, मला मनातून बरं वाटत होतं. भर दंड, म्हटलं. भोग. एवढ्यात मोतीबाई बायकांतून उठली आणि सरळ मधोमध आली. त्या बैठकीत बाई कधी मधे येत नसे. आता ही म्हाताऱ्याला शाप देणार, याची मी वाट बघत राहिलो.

तिनं वाकून पागोटं उचललं, धूळ झटकली आणि नायकाच्या हातात दिलं.

"तुमाले कायचा दंड, नायक? मले कोनी इचारलं नाही, पन इचारलं असतं तं मीबी दोघायचंच इमान सांगतलं असतं." तिचा आवाज फाटला. "एकलं नाही पडनार माहं लेकरू, म्हनून त्या दिशी मी पदरात तोंड घालून हासली वो नायक. हासली मी."

नायक लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. दौलतसिंगनं पुढे होऊन बायकोला धरलं. मी कुणावर रागावायचं ते मला कळेना, आणि राग नसला तर त्या दुःखाचं काय करायचं तेही कळेना.